कोंबडीच्या तीन आठवड्यांच्या पिल्लांत एक दिवसाची पिल्लं सोडावीत का?

प्रश्न असा आहे: ब्रूडरमध्ये, म्हणजे दिव्याची ऊब देऊन पिल्लं वाढवायच्या पेटीत, तीन आठवड्यांची पंधरा पिल्लं आहेत, परवा एक दिवसाची वीस येणार आहेत. ब्रूडर एकच. मोठी लहानांना टोचतील का? आणि टोचत नसतील, तर एकत्र ठेवायला हरकत काय?

सोडू नका. मोठी पिल्लं स्वभावाने अगदी गरीब असली आणि एकदाही चोच उगारणार नाहीत अशी तुमची खात्री असली, तरी सोडू नका. टोचण्याची भीती सगळ्यांना वाटते, कारण टोचणं डोळ्यांसमोर घडतं आणि रक्त दिसतं. पण मिश्र वयाच्या ब्रूडरमध्ये लहानांची जी मरतूक मी पाहिली आहे, तिच्यात टोचून मेलेली फार थोडी होती. बाकीची गारठून, दबून, पोट न भरल्याने किंवा मोठ्यांच्या विष्ठेतून आलेल्या आजाराने गेली. ही कारणं दिसत नाहीत, म्हणून मालक म्हणतो की या वेळची पिल्लंच कमजोर निघाली.

आधी उबेचं बघू. नुकत्या निघालेल्या पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते, पिसं नसतात. शिवाय त्याच्या शरीराला स्वतःचं तापमान टिकवणं अजून जमत नसतं. ते जमायला दहा ते चौदा दिवस जातात आणि पिसं पुरती भरायला चार ते सहा आठवडे. म्हणून पहिल्या आठवड्यात त्याच्या पाठीच्या उंचीवर ३३ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब ठेवायची आणि पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी करायची. या हिशोबाने तुमच्या तीन आठवड्यांच्या पिल्लांना २६ ते २८ अंश पुरतात. दोन वयांच्या गरजेत सात-आठ अंशांचं अंतर पडलं.

आता दिवा कोणासाठी लावणार? लहानांच्या मापाने लावला, तर मोठी पंख सैल सोडून चोच उघडी ठेवून धापा टाकतात, सारखं पाणी पितात, विष्ठा पातळ होते, खाली अंथरलेली तुसाची गादी ओली होते. उष्म्याने चिडलेली पिल्लं टोचायलाही लागतात, म्हणजे ज्याची भीती होती ते आपणच घडवून आणलं. मोठ्यांच्या मापाने लावला, तर लहान दिव्याखाली ढीग करून बसतात आणि खाण्यापाण्याकडे जातच नाहीत. काही जण मधला आकडा धरतात. तो सगळ्यांत वाईट, कारण त्यात दोघांचेही हाल होतात आणि नेमकं काय बिघडलं आहे तेही कळत नाही.

यावर अनुभवी माणूस म्हणेल की ब्रूडर लांबट करा, दिवा एका टोकाला लावा, ज्याला जिथे बरं वाटेल तिथे तो बसेल. म्हणणं बरोबर आहे. एकाच वयाच्या पिल्लांसाठीसुद्धा ब्रूडर असाच असावा. दिवसभर ही व्यवस्था मिश्र वयातही बऱ्यापैकी चालते. अडचण रात्री होते. झोपायची वेळ झाली की मोठीही सवयीने उबेखाली येतात आणि नेमकी मधली जागा धरतात. अंडी जातीचं तीन आठवड्यांचं पिल्लू दीड-दोनशे ग्रॅमचं असतं, एक दिवसाचं जेमतेम ४० ग्रॅमचं. लहान एकतर कडेला थंडीत राहतं किंवा उबेसाठी मोठ्यांच्या अंगाखाली शिरतं. वीज गेली किंवा पहाटे गारठा वाढला की मोठी एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. सकाळी कोपऱ्यात चपटी झालेली दोन-तीन पिल्लं सापडली, अंगावर जखम नाही, तर ती बहुतेक अशी गेलेली असतात. मांसल जातीत हा फरक आणखी भयंकर होतो. आजचं ब्रॉयलर पिल्लू तीन आठवड्यांत पाऊण ते एक किलोचं होतं.

खाण्यापाण्याचं त्यामानाने सोपं आहे, पण दुर्लक्ष करण्यासारखं नाही. भांड्याची कड पिल्लाच्या पाठीच्या पातळीवर असावी असा साधा नियम आहे. दोन वयांच्या पाठी दोन उंचीवर. कड लहानांसाठी खाली ठेवली की मोठी पायांनी गादी उकरून पाण्यात घालतात. मोठ्यांसाठी वर घेतली की लहानांची चोच पोहोचत नाही. पाणी खोल असेल तर लहान बुडतात. भांड्यात गोट्या किंवा खडे टाकायचे ते यासाठीच. लहान पिल्लाला भांडं कुठे आहे हे शोधायला शांतता लागते. मोठी सतत तुडवत, ढकलत फिरत असतील तर ती शांतता मिळत नाही. अंड्यातल्या उरलेल्या बलकावर ते दोन-तीन दिवस तग धरतं, त्यामुळे उपाशी आहे हे लगेच लक्षात येत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम मान टाकतं.

आता माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची, आणि सगळ्यांत कमी विचारली जाणारी गोष्ट: गादी.

तीन आठवडे पंधरा पिल्लं ज्या तुसावर किंवा भुशावर वावरली आहेत, तो आता नुसता भुसा राहिलेला नाही. त्यात रक्ती हगवणीच्या, म्हणजे कॉक्सिडिओसिसच्या, जंतूंची अंडी असतात. जवळजवळ प्रत्येक कळपात असतात, तुमची जागा कितीही स्वच्छ असली तरी. विष्ठेतून पडलेलं अंडं लगेच आजार देत नाही. त्याला ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ते पक्व होतं आणि मग पोटात गेलं की आजार देतं. ब्रूडरमध्ये या तिन्ही गोष्टी आपण स्वतःच पुरवतो. पिल्लाच्या आतड्यात त्याची वाढ होऊन पुन्हा नवी अंडी बाहेर पडायला जातीनुसार चार ते सात दिवस लागतात, आणि दर फेरीला संख्या प्रचंड पटीने वाढते. तिसऱ्या आठवड्यापर्यंत अशा दोन-तीन फेऱ्या होऊन गेलेल्या असतात.

तुमची मोठी पिल्लं धडधाकट दिसतात, कारण पहिल्या दिवसापासून त्यांच्या पोटात थोडी थोडी अंडी जात राहिली आणि त्या मात्रेला त्यांची प्रतिकारशक्ती सरावत गेली. हा आजार पुष्कळदा तीन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान डोकं वर काढतो, म्हणजे तीही अजून पुरती पार पडलेली नाहीत. पण नवी पिल्लं याच गादीवर उतरली तर त्यांना थोडं थोडं मिळण्याचा टप्पाच राहत नाही. मोठ्यांनी तीन आठवड्यांत जमवलेला सगळा साठा त्यांच्यापुढे पहिल्याच आठवड्यात येतो. पिसं फुगवून बसणं, पंख पाडणं, खाणं सोडणं, विष्ठेत रक्त, आणि मग मरतूक. साधी जंतुनाशकं फवारून ही अंडी मरत नाहीत. त्यांना नको असतो तो कोरडेपणा आणि कडक उष्णता. म्हणून माझा सगळा भर गादी कोरडी ठेवण्यावर असतो, आणि नव्या पिल्लांना नव्या गादीवर उतरवण्यावर.

औषधाबद्दल एक सांगून ठेवतो. अँप्रोलियम हे या आजारावरचं जुनं आणि चांगलं औषध आहे. जीवनसत्त्व ब-१ ची नक्कल करून ते जंतूला उपाशी मारतं. म्हणून ते चालू असताना वरून ब-१ असलेली जीवनसत्त्वं पाण्यात देऊ नका, नाहीतर आपणच जंतूला खायला घालतो. मात्रा पशुवैद्यकांना विचारून ठरवा. पिल्लांना कॉक्सिडिओसिसची लस दिलेली असेल, तर हे औषध मिसळलेलं स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं, खाद्य देऊ नका, कारण त्या लशीतले जंतू जिवंत असतात आणि औषधाने लसच निकामी होते. मोठ्यांना लस नाही म्हणून औषधी खाद्य आणि नव्यांना लस दिलेली, अशी स्थिती अगदी सहज येते. एका भांड्यात ती कशी सांभाळणार?

मरेक या विषाणूच्या रोगाचंही असंच. त्याची लस पहिल्याच दिवशी, मानेच्या कातडीखाली देतात. काही हॅचरी, म्हणजे अंडी उबवून पिल्लं विकणारी केंद्रं, अंड्यातच देतात. पण लस टोचली म्हणजे त्या क्षणी संरक्षण मिळालं असं होत नाही. ते उभं राहायला एक-दोन आठवडे लागतात. मधल्या काळात पिल्लू उघडं असतं. मरेकचा विषाणू पिसांच्या मुळाशी वाढतो आणि कोंड्यातून धुळीत मिसळतो, आणि त्या धुळीत कित्येक महिने टिकतो. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: मरेकची लस गाठी आणि लकवा टाळते, संसर्ग टाळत नाही. लस दिलेली, निरोगी दिसणारी मोठी पिल्लंसुद्धा विषाणू सोडत असू शकतात. लस दिलेली महागामोलाची पिल्लं चौथ्या-पाचव्या महिन्यात लंगडू लागली की सगळे लशीला दोष देतात. पहिल्या आठवड्यात ती कोणाच्या गादीवर वाढली, हे कोणी विचारत नाही.

राणीखेत आणि गंबोरो या विषाणूंच्या रोगांवरच्या, पाण्यातून किंवा डोळ्यातून द्यायच्या लशींचं वेळापत्रक वयावर बांधलेलं असतं. दोन वयांची पिल्लं एका भांड्यातून पाणी पिणार असतील तर ते वेळापत्रक कोणासाठी पाळायचं? जिवंत लशीचा विषाणू लस दिलेल्या पिल्लाकडून शेजारच्या पिल्लाकडे जातो. लहानांना ती लस नकळत, अवेळी आणि कमी-जास्त मात्रेत मिळते. मग शिंका आणि घरघर कळपात आठवडाभर इकडून तिकडे फिरत राहते.

म्हणून व्यावसायिक शेडमध्ये सगळी पिल्लं एकदम आत आणि सगळी एकदम बाहेर, मधे शेड रिकामी करून धुवायची, असा नेम असतो. घरच्या वीस-तीस पिल्लांसाठी तो तंतोतंत पाळणं जमत नाही, जमायची गरजही नाही. पण त्यातलं एक तत्त्व लहान प्रमाणावरही सोडायचं नसतं: लहान पिल्लू मोठ्यांच्या जागेत जाऊ नये.

मग परवा काय करायचं? तुम्ही ब्रूडर एकच आहे म्हणता, पण तुमच्याकडे खरं तर दिवा एकच असावा. पेटी नसेल तर पुठ्ठ्याचा मोठा खोका किंवा पत्र्याचं गोल कडं चालतं. एक दिवसाच्या वीस पिल्लांना पहिले दोन आठवडे दर पिल्लामागे अर्धा चौरस फूट पुरतो, म्हणजे दहा चौरस फुटांत ती मावतात. गोल आकार बरा, कारण कोपराच नसल्याने ढीग होत नाही. खाली नवी, कोरडी गादी दोन इंच घाला. गुळगुळीत वर्तमानपत्र नुसतं अंथरू नका. त्यावर पाय घसरून पिल्लांचे पाय फाकतात. दिवा नव्या खोक्यात हलवा. पिल्लं यायच्या आधी काही तास तो चालू हवा, म्हणजे हवेबरोबर गादीही तापते. थर्मामीटर दिव्याच्या झोताच्या कडेला, जमिनीपासून पाच सेंटिमीटरवर ठेवून बघा. दिवा साखळीला बांधा आणि दुसरी साखळी जादा ठेवा. २५० वॉटचा इन्फ्रारेड दिवा तुसात पडला तर आग लागायला फार वेळ लागत नाही.

मोठी पिल्लं आहेत तिथेच राहू द्या. बाहेरचं तापमान रात्रीही २५-२६ अंशांच्या वर राहत असेल, तर तीन आठवड्यांनंतर त्यांना ऊब जवळजवळ लागतच नाही. गारठा असेल तर कमी वॉटचा दुसरा दिवा लावा किंवा ती दडून बसतील असा कमी उंचीचा, तिन्ही बाजूंनी बंद आडोसा करा. पंधरा पिल्लांच्या अंगाची ऊबही त्यात साठते. उद्यापासूनच दिवसा त्यांचा दिवा बंद ठेवायला लागा. सकाळी ती पांगून खात असतील तर ठीक. एका ठिकाणी गोळा होऊन मोठ्याने ओरडत असतील, तर ऊब कमी पडते आहे. पिल्लाची ओरड आणि बसण्याची पद्धत थर्मामीटरपेक्षा खरं सांगते.

दोन्ही कामं एकाच माणसाने करायची असतील तर आधी लहानांचं करा, मग मोठ्यांचं. उलट कधीच नाही. पाण्याची भांडी अदलाबदल करू नका, मोठ्यांच्या गादीत फिरलेली चप्पल लहानांकडे नेऊ नका. दोन्ही खोके एकाच खोलीत असले तरी एवढ्याने जंतूंचा भार बराच कमी होतो. धुळीतून जाणारा मरेक यानेही पूर्ण थांबत नाही. वेगळी खोली मिळाली तर उत्तमच.

काहींना मोठ्यांना हलवून जुना ब्रूडरच नव्यांना द्यायचा असतो. द्या, पण गादी सगळी काढून, घासून, धुऊन, जंतुनाशक मारून, उन्हात खडखडीत वाळवून. वाळायला वेळ द्यावा लागतो. परवापर्यंत हे नीट होणार नाही, म्हणून मी नवा खोका म्हणतो.

हे सगळं तीन आठवड्यांच्या अंतराबद्दल झालं. अंतर कमी असेल तर माझं उत्तर बदलतं. अंतर किती दिवसांचं यापेक्षा लहान पिल्लू किती दिवसांचं, याला मी जास्त महत्त्व देतो. एकाच वेळी उबवलेली अंडीसुद्धा चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांच्या अंतराने फुटतात, तेव्हा दोन-तीन दिवसांचा फरक हा फरकच नाही. बिनधास्त एकत्र ठेवा. चार-पाच दिवसांपर्यंतही एकाच जातीची पिल्लं असतील, जागा ऐसपैस असेल आणि खाण्यापाण्याची भांडी दोन-दोन असतील, तर मी ठेवतो. एका आठवड्याला मी सहसा नाही म्हणतो, कारण एक दिवसाच्या आणि आठ दिवसांच्या पिल्लाच्या वजनात जवळपास दुपटीचं अंतर असतं. हाच एक आठवडा आठव्या आणि नवव्या आठवड्यातल्या पक्ष्यांमध्ये कोणाच्या लक्षातही येत नाही. दोन आठवड्यांपुढे, लहान अजून उबेवर असताना, नाहीच.

जातही बघावी लागते. लहानखुऱ्या बँटम जातीचं पाच दिवसांचं पिल्लू आणि ब्रॉयलरचं दोन दिवसांचं पिल्लू शेजारी ठेवा. मोठं कोण हे वयाने कळणार नाही. अशा वेळी वय विसरून वजनाने गट करा.

मिसळायचं ठरलं, तर रात्री मिसळा. सगळी झोपायला आली की नवी पिल्लं हळूच उबेखाली सरकवा. एकटं पिल्लू कधी सोडू नका, किमान तीन-चार एकदम. शक्य असेल तर दोन्ही गटांना नव्या गादीवर, नव्या जागेत एकदम हलवा. जागा कोणाचीच नसली की भांडण कमी होतं. पुढचा दिवस जवळपास राहून लक्ष ठेवा. एखाद-दुसरी चोच बसणार, ती ओळख आहे. एकाच पिल्लाच्या मागे तिघं लागली, किंवा एखादं पिल्लू कोपऱ्यात तोंड खुपसून उभं राहिलं, तर ते लगेच बाजूला काढा.

लहानांना नीट मिळतंय का हे बघायचा माझा नेहमीचा मार्ग म्हणजे रात्री एकेक उचलून गळ्याखालची अन्नपिशवी चाचपणं. भरलेली आणि मऊ लागली की खाल्लंय आणि प्यायलंही आहे. कडक लागली तर खाल्लंय पण पाणी मिळालेलं नाही. रिकामी असेल तर भांड्यापर्यंत पोहोचलंच नाही. आल्यापासून चोवीस तासांत जवळजवळ सगळ्यांची भरलेली लागली पाहिजे. त्याच वेळी बूड बघा. विष्ठा चिकटून भोक बंद झालेलं असेल तर कोमट पाण्याने भिजवून हलकेच काढा, ओढू नका. असं एखादं पिल्लू कुठेही सापडतं. चार-पाच सापडली तर दिव्याची उंची तपासा.

दुसरी सोय खरोखरच नाही आणि आठवडाभराच्या अंतराची पिल्लं एकत्र ठेवणं भागच आहे, अशी वेळ येते. तेव्हा ब्रूडरमध्ये मधे बारीक जाळी लावून दोन भाग करा. एकमेकांना दिसतील पण चोच पोहोचणार नाही. दिवा लहानांच्या भागावर. जाळीलाही जागा नसेल, तर निदान लहानांसाठी एक राखीव कोपरा करा: उभ्या पट्ट्यांचं कुंपण, ज्याच्या फटीतून लहान सहज आत जाईल आणि मोठं जाऊ शकणार नाही. त्या कोपऱ्यात ऊब, खाद्य आणि पाणी, तिन्ही. नुसता लपायचा कोपरा करून उपयोग नाही, कारण भूक लागली की लहान बाहेर येणारच. दर दोन दिवसांनी फट तपासा. लहानही वाढतात आणि एक दिवस तीच बाहेर अडकतात. उबेची प्लेट वापरत असाल तर एक बाजू इतकी खाली ठेवा की लहानांचीच पाठ तिला टेकेल. एवढं सगळं करूनही गादीचा प्रश्न सुटत नाही हे लक्षात ठेवा. ओली झालेली गादी रोज उचला आणि विष्ठेवर नजर ठेवा.

सगळ्यांनंतर एकटंच फुटलेलं पिल्लू ही वेगळी अडचण आहे. एकटं ठेवलं तर ते दिवसभर ओरडतं, खात नाही. आठवड्याने मोठ्या कळपात टाकलं तर तुडवलं जातं. अशा वेळी कळपातली सगळ्यांत लहान, शांत अशी दोन पिल्लं काढून त्याच्या खोक्यात द्या. दोघांकडून त्रास झालाच तर आवरता येतो, आणि दाणे टिपायचं, पाणी प्यायचं ते त्यांच्याकडे बघून शिकतं. गादी नवी, दोन पिल्लांची, त्यामुळे जंतूंचा भारही नगण्य.

खुडूक कोंबडी असेल तर पुष्कळांना वाटतं की तिच्याखाली कोणतीही पिल्लं सरकवता येतील. पिल्लं फुटल्यापासून पहिल्या दोन-तीन दिवसांत, रात्रीच्या अंधारात, तिच्या पिल्लांएवढीच नवी पिल्लं सरकवली तर ती बहुधा घेते. तिची पिल्लं दोन आठवड्यांची झाल्यावर एक दिवसाची नेऊन ठेवली तर चोचीने मारू शकते. पिल्लांच्या बाजूनेही मुदत असते. तीन-चार दिवस दिव्याखाली राहिलेल्या पिल्लाला आई म्हणजे काय हे कळत नाही, ते तिच्यापासून पळतं. आणि तिच्याखाली रोज एकेक नवं अंडं ठेवत गेलात तर पहिली पिल्लं फुटल्यावर ती त्यांना घेऊन उठते, मागची अंडी गार पडतात. बसवतानाच सगळी अंडी एकदम ठेवा आणि पेन्सिलने खूण करा, म्हणजे दुसऱ्या कोंबडीने घातलेलं अंडं ओळखून काढता येतं.

टोचण्याबद्दल मूळ प्रश्न होता, म्हणून तेही. टोचणं बहुतेक वेळा गर्दी, उष्मा, झगझगीत उजेड, खाद्य संपलेलं असणं किंवा खाद्यात प्रथिनं कमी पडणं यांपैकी कशातून तरी येतं. वयाचा फरक असेल तर त्याचा मार लहानांवर पडतो, इतकंच. लाल दिवा लावला की रक्ताचा लाल डाग उठून दिसत नाही, त्याचा उपयोग होतो. जखमी पिल्लू जखम पूर्ण सुकेपर्यंत परत सोडू नका. ताजं रक्त दिसलं की शांत पिल्लंही टोचायला धावतात. टोचणारं एकच असेल तर मार खाणाऱ्याऐवजी टोचणाऱ्यालाच तीन-चार दिवस वेगळं काढा. परत आल्यावर त्याचा तोरा उतरलेला असतो.

तुमचे दोन्ही गट पुढे एकत्र करायचेच आहेत. घाई करू नका. धाकट्यांना पिसं भरून, उबेवरून उतरून आठवडाभर झाला की, म्हणजे ती सहा-सात आठवड्यांची आणि मोठी नऊ-दहा आठवड्यांची असताना, सुरुवात करा. तोवर धाकट्यांनीही त्यांच्या स्वतःच्या गादीवर रक्ती हगवणीची प्रतिकारशक्ती बऱ्यापैकी कमावलेली असते. पहिला आठवडा मधे जाळी. मग रात्री जाळी काढा. खाद्याची आणि पाण्याची भांडी दोन वेगळ्या टोकांना, एकमेकांना न दिसतील अशी. दोन-तीन आडोसे असे ठेवा की त्यांना दोन्हीकडून वाट असेल. एकच वाट असलेल्या आडोशात पाठलाग झालेलं पिल्लू कोंडलं जातं. धाकटे संख्येने जास्त आहेत, हे तुमच्या पथ्यावरच पडेल.

त्या काळात सगळ्यांना एकच खाद्य द्यायचं तर ते ग्रोअर, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचं, द्या. मोठ्या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, अंड्यावर आल्या म्हणून लेयरचं, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं, खाद्य सुरू केलंत, तर धाकट्यांचं नुकसान होतं. लेयर खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, वाढत्या पिल्लाला साधारण एक टक्का पुरतं. जास्तीच्या कॅल्शियमने मूत्रपिंडं बिघडतात. सगळ्यांना ग्रोअर आणि बाजूला वेगळ्या भांड्यात शिंपल्यांचा चुरा ठेवा. जिला कवच घडवायचं आहे ती तो आपणहून खाते, बाकीच्या त्याच्याकडे फारशा वळत नाहीत. धाकट्या तलंगाही अंड्यावर आल्या की सगळ्यांना लेयर.

येणाऱ्या वीस पिल्लांत टर्कीची किंवा बदकाची पिल्लं असतील, तर त्यांना वयाच्या कुठल्याच हिशोबात कोंबडीच्या पिल्लांबरोबर धरू नका. टर्कीला कोंबड्यांच्या आतड्यातल्या कृमींमधून काळ्या डोक्याचा रोग येतो. कोंबडीला त्याने फारसं काही होत नाही, टर्की मात्र मरते. बदकाची पिल्लं आजाराच्या दृष्टीने एवढी नाजूक नसतात, पण पाण्यात खेळून एका दुपारात सगळी गादी चिखल करून ठेवतात, आणि ओली गादी म्हणजे काय ते वर सांगितलंच आहे. त्यांना नायसिन हे जीवनसत्त्वही कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त लागतं, नाहीतर पाय वाकडे होतात. त्यांचा खोका पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा.